चौघं बसल्यावर सरळ

माझ्या सासऱ्यांनी मला विचारलेला पहिला प्रश्न माझ्या वजनाबद्दल होता.

लग्न होऊन मी नागपूरहून भिलाईला आले, त्याची दुसरी सकाळ. घरात अजून गोंदियाकडचे पाहुणे होते, अंगणात सतरंज्या वाळत होत्या. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत गेले. बाबांनी कप उचलला, बशीत चहा ओतला, एक घोट घेतला आणि माझ्याकडे बघून अगदी शांतपणे विचारलं, "बाई, तुह्यं वजन किती हाय?"

आत्याबाईंनी तोंडाला पदर लावला. आतून सासूबाईंचा आवाज आला, "अवो, नवी सून हाय ते! वजन कावून विचारून राहिले? बकरी घेऊन राहिले काय बाजारातून?"

"बकरीसाठी नाई विचारून राहिलो. गाडीसाठी विचारून राहिलो."

मला काही कळलं नाही, पण खोटं बोलण्याचंही सुचलं नाही. मी खरं वजन सांगितलं. बाबांनी मान डोलावली आणि म्हणाले, "सकाळचं का जेवल्यावरचं?"

त्याच संध्याकाळी त्यांनी मला सुपेल्यातल्या एका धान्याच्या दुकानात नेलं आणि पोती तोलायच्या काट्यावर उभं केलं. मी लग्नातला शालू नव्हे, पण बऱ्यापैकी जड साडी नेसले होते. दुकानदार हसून म्हणाला, "बाबूजी, बहू को भी तौल दिया?" बाबा काट्यावरची नजर न काढता म्हणाले, "सोना भी तौल के ही लेते हैं, भाई."

त्या एका वाक्यामुळे मी त्यांना सगळं माफ केलं. पुढे माफ करण्यासारखं फार काही उरलंही नाही.

बाबा गेले त्याला अजून वर्ष झालेलं नाही. घरातली माणसं त्यांच्याबद्दल बोलायला लागली की शेवटी गाडीबद्दलच बोलतात. मीही तेच करणार आहे. त्यांना गाडीपासून वेगळं काढून सांगता येईल असं मला वाटत नाही.

ती एक जुनी अ‍ॅम्बेसेडर. एके काळी कुठल्याशा साहेबांची पांढरी गाडी, मग बरीच वर्षं कुणाचीच नाही. बाबांनी ती घेतली तेव्हा ते भिलाईच्या पोलादाच्या प्लांटमध्ये नोकरीला होते आणि सेक्टर दोनच्या क्वार्टरमध्ये राहत होते. गाडीच्या तळाला गंज होता आणि मागच्या सीटमध्ये मांजरीची पिल्लं होती. पिल्लं मोठी होऊन निघून जाईपर्यंत बाबांनी गाडीला हात लावला नाही, असं सासूबाई सांगतात. नंतर वैशाली नगरात घर बांधलं तेव्हा कागदावर आधी पोर्च काढला आणि मग त्याच्या मागे घर. सासूबाई आल्यागेल्याला अजूनही सांगतात, "गाडीपासून जे उरलं, त्या जागेत माह्यं स्वयंपाकघर हाय."

बाबांनी ती गाडी खाली घेतली. म्हणजे चाकं तीच, पण वरचं सगळं अंग रस्त्याच्या जवळ आणलं. अ‍ॅम्बेसेडर मुळात उंच गाडी, ओट्यावर उभी असल्यासारखी. तिच्या पुढच्या चाकांना पीळ दिलेल्या जाड पोलादी सळ्या असतात. तो पीळ थोडा सोडला की गाडीचं तोंड खाली येतं. मागे कमानीसारखे वाकवलेले पाटे असतात. ते सरळ करून घेतले की पाठ खाली येते. हे ज्ञान माझं नाही. पोर्चच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसण्याची मला सवय होती आणि बाबांना गाडीखालून बोलण्याची. त्यांचे फक्त बूट दिसायचे, आवाज जमिनीतून यायचा.

रंगाचीही एक गोष्ट आहे. प्लांटमध्ये बाबा रेल्वेचे रूळ बनवायच्या मिलमध्ये होते. लालभडक रूळ मिलमधून बाहेर येतो, लांबच लांब, आणि गार होत जाताना आधी केशरी, मग विटकरी आणि शेवटी निळसर राखाडी होतो. त्या निळसर राखाडीच्या जरा आधीचा रंग बाबांना हवा होता. पेंटरने डबे मिसळून मिसळून नाद सोडला. शेवटी वैतागून म्हणाला, "बाबूजी, ये रंग होता ही नहीं है." बाबा म्हणाले, "होता है. लेकिन थोड़ी देर के लिए होता है." कुणाकडून तरी त्यांनी तो करून घेतलाच. संध्याकाळी उन्हं तिरपी झाली की गाडी अजून थोडी गरम असावी असं वाटतं.

मिलमधून त्यांनी दुसरीही एक गोष्ट आणली होती, ती त्यांच्या बोलण्यात असे. "रिकामं माप खोटं." मिलमध्ये पोलाद दोन रोलांच्या फटीतून दाबून काढतात. फट रिकामी असताना मोजली तर एक माप येतं. त्यातून लाल पोलाद जायला लागलं की मिलचा अख्खा सांगाडा ताणतो आणि फट वाढते. "नवा माणूस रिकामी फट मोजते अन् खुश होते," बाबा म्हणायचे. "जुना माणूस म्हनते, थांब, लोड येऊ दे."

हे ते सगळ्यालाच लावायचे. बाजारात पिशवी घ्यायची तर दुकानदाराकडून तिच्यात बटाटे भरून घेत आणि उचलून बघत. मला ग्रंथालयात नोकरी लागली, पहिल्या दिवशी घरी येऊन मी म्हटलं की तिथली शांतता फार आवडली. बाबा म्हणाले, "सुट्टीच्या दिवसातली शांतता काय पाह्यतेस? परीक्षा येऊ दे, पोट्टे भरू दे, मंग सांगजो." माझ्या लग्नाआधी नणंदेला बघायला एक मुलगा आला होता. त्याच्याबद्दलही त्यांचं मत होतं की एकटा गोड बोलतो, त्याच्या घरात वीस जण असताना कसा बोलतो ते पाहून या. पाहून आल्यावर ते लग्न ठरलं आणि चांगलं झालं.

मग गाडीचं माप ते रिकाम्या गाडीवर कसं घेणार?

त्यांनी ठरवलं की गाडीत चार माणसं बसली की ती रस्त्याला समांतर झाली पाहिजे. पुढून मागे आणि डावीकडून उजवीकडे, दाराखालची रेघ पाणसळीने आखल्यासारखी. आणि चार माणसं म्हणजे कोणतीही चार नव्हेत, आम्ही चौघं. चालवायला बाबा, त्यांच्या डावीकडे सासूबाई, बाबांच्या मागे माझा नवरा आणि सासूबाईंच्या मागे मी. माझ्या आधी त्या जागेवर नणंद बसायची. ती सासरी गेल्यावर जागा मोकळी झाली, म्हणून माझं वजन घराच्या दृष्टीने इतकं महत्त्वाचं होतं. सासूबाईंनी आपलं वजन शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाबांनी ते गाडी किती खाली बसते त्यावरून काढलं आणि तेही कुणाला सांगितलं नाही. त्यांच्या संसारात एवढी समज होती.

डावीकडचे आणि उजवीकडचे पाटे वेगवेगळे सरळ करायचे होते. पॉवर हाऊसजवळच्या पाटेवाल्याने मान हलवली. "दोनों तरफ अलग-अलग? गाड़ी टेढ़ी खड़ी रहेगी, बाबूजी."

"खाली टेढ़ी रहेगी. भरी हुई सीधी चलेगी."

"भरी हुई कौन देखता है?"

"तू बना," बाबा म्हणाले.

तर ती गाडी पोर्चमध्ये रिकामी उभी असली की एक खांदा पाडून उभी असल्यासारखी दिसायची. मागची बाजू वर, त्यातही उजवी जरा जास्त. येणारा जाणारा विचारायचा की हवा गेली का. समोरच्या घरात क्रेन चालवून निवृत्त झालेले एक छत्तीसगढी गृहस्थ राहतात, त्यांना सगळी गल्ली कका म्हणते. बाबा गाडीखाली शिरले की कका खुर्ची घेऊन गेटपाशी येऊन बसायचे.

"कस गा, गाड़ी ला अउ कतका बइठारबे? भुइयाँ मा गड़ जाही!"

अजून किती खाली बसवशील, जमिनीत रुतेल, म्हणून. गाडीखालून बाबांचं उत्तर यायचं, "गड़ जाही त तैं क्रेन ले के आबे!"

गाडीतल्या जागा ठरलेल्या होत्या. त्या बदलण्याची सोय नव्हती. एकदा आत्याबाई माझ्या जागेवर बसल्या आणि मी घरी राहिले. बाबांनी दुर्गपर्यंत गाडी हळूहळू नेली. स्टेशनवर बहिणीला उतरवताना म्हणाले, "बाई, दिवाळीपासून तू वाढली." आत्याबाई दोन महिने बोलत नव्हत्या.

भांडण खरं व्हायचं ते तांदळावरून. गोंदियाकडच्या गावाहून परत येताना सासूबाईंना घरचा तांदूळ आणायचाच असे. डिकीत पोतं पडलं की गाडीचं सगळं गणित मोडायचं. बाबा पोतं उतरवायचे, सासूबाई पुन्हा चढवायच्या. एका वर्षी त्यांनी लाखोळीची डाळ पिशव्या-पिशव्या करून सीटखाली लपवली. टाउनशिपच्या पहिल्याच स्पीडब्रेकरवर गाडीचा तळ घासला आणि बाबा ओरडले, "डाळ!"

"गाडीले पोट नाई," सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पन आपल्याले हाय."

पुढच्या वर्षी तोड निघाली. माझा नवरा पोतं घेऊन रेल्वेने आला आणि आम्ही तिघं गाडीने. तेव्हा बाबांच्या लक्षात आलं की तांदूळ नाही म्हणून गाडी वर आली, पण मुलगा नाही म्हणून वाकडी झाली. सबंध रस्ता ते अस्वस्थ होते. त्यानंतर सासूबाईंच्या माहेरचे एक रेल्वेतले नातेवाईक आमचा तांदूळ आणू लागले. मुलगा गाडीत, तांदूळ रेल्वेत. हे आमच्याकडे आजही असंच चालतं.

माझ्या नवऱ्याला गाडीचं कौतुक नव्हतं. तो नेहरू नगरात एका कोचिंग क्लासमध्ये गणित शिकवतो. क्लाससमोरून ती गाडी जाताना त्याची मुलं गॅलरीत येऊन बघायची. तो घरी येऊन म्हणायचा, "बाबा, लोग हँसते हैं." बाबांशी तो मराठीत सुरुवात करायचा आणि राग आला की हिंदीत जायचा. बाहेर कुणी गाडीबद्दल विचारलं तर त्याचं उत्तर ठरलेलं होतं, "बाबांचा हट्ट आहे." त्यात खोटं काही नव्हतं, पण बाबांचं त्यात काहीच येत नव्हतं.

मी एकदा बाबांना विचारलं होतं की हे सगळं कशासाठी. ते चाकाचं नट पुसत होते, माझ्या मांडीवर पुस्तक उघडं होतं. त्यांनी पुस्तकाकडे बोट केलं.

"त्याच्यावर लिहिनाऱ्याचं नाव असते ना?"

"असतं."

"रुळावर कामगाराचं नसते. अन् नसावंच. रूळ सारखाच पाहिजे, एकासारखा दुसरा. जरासा वेगळा निघाला का भंगारात. सारी नोकरी मी त्याचीच खबरदारी घेतली, का वेगळं काही निघू नोको." त्यांनी नट पुन्हा पुसलं. "चांगली नोकरी होती. माही काही तक्रार नाई. पन एखादी चीज तर वेगळी करू दे मले. अन् ज्याले समजते अशा माणसानं एकदा पाहून म्हनावं, का हे वेगळं हाय अन् बरोबर हाय. बस."

मी पुस्तक मिटलं. इतकं साधं मागणं मी फार कमी पुस्तकांत वाचलं आहे.

मग रायपूरला जुन्या गाड्यांचा मेळा भरणार अशी बातमी आली. त्यात बदल केलेल्या गाड्यांसाठी वेगळा विभाग होता आणि बघायला जाणकार परीक्षक येणार होते. बाबांनी आठवडाभर गाडी धुतली. सासूबाईंनी पोळ्या, झुणका, शेंगदाण्याची चटणी असा डबा भरला. तो डबा कुठे ठेवायचा यावरही चर्चा झाली आणि तो शेवटी माझ्या मांडीवर आला, कारण मी चौघांत हलकी. माझा नवरा नाइलाजाने आला. तो आला नसता तर गाडी वाकडी गेली असती.

मैदानावर गाड्या ओळीने उभ्या होत्या. शेजारी तरुण मुलांच्या गाड्या, रुंद चाकांच्या, चकचकीत. बाबांनी आपली गाडी रांगेत लावली, आम्ही उतरलो आणि त्यांनी चार पावलं मागे जाऊन वळून बघितलं.

गाडी एक खांदा पाडून उभी होती.

नियम असा होता की परीक्षक येतील तेव्हा गाडीत कुणी बसायचं नाही. सगळ्यांसाठी सारखा, अगदी रास्त नियम. जन्मभर रिकामं माप खोटं म्हणणाऱ्या माणसाच्या मनात हे एकदाही आलं नव्हतं की जगात गाड्या बघतात त्या रिकाम्याच बघतात. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. घरातला दिवा चालू राहिला हे बस सुटल्यावर आठवावं, तसा तो झाला होता.

"अंकल, एक तरफ हवा कम है क्या?" शेजारच्या गाडीचा मुलगा म्हणाला. वाईट हेतूने नाही, खरोखरच.

परीक्षक तिघं होते. त्यांच्यात पांढऱ्या टोपीचे एक वयस्क गृहस्थ होते. त्यांनी दारांच्या फटी बघितल्या, रंगावरून हात फिरवला, वाकून तळ बघितला. मग बाबांकडे वळून म्हणाले, "काम बहुत सुंदर है. लेकिन स्टांस बराबर नहीं है, गाड़ी टेढ़ी खड़ी है. आप खुद देखिए."

"सर, ये चार आदमी की गाड़ी है," बाबा म्हणाले. "हम चार बैठेंगे तो सीधी होगी."

"बैठाकर देखने का नियम नहीं है, भाईसाहब."

"ठीक है."

त्या गृहस्थांनाही वाईट वाटलं असावं. ते म्हणाले की अर्ध्या तासाने ते पुन्हा एक फेरी मारतील. तोवर पुढची बाजू जरा वर घेता आली तर रिकामी गाडी सरळ दिसेल आणि मग ते नक्की विचार करतील. ते शक्य होतं. पुढचा पीळ कमी-जास्त करण्यासाठी बाबांनी स्वतःच बोल्ट बसवले होते. पाना डिकीत होता.

बाबांनी पाना काढला, वर्तमानपत्र अंथरलं आणि गाडीखाली गेले. आम्ही तिघं त्यांच्या बुटांकडे बघत उभे राहिलो. बराच वेळ गेला. बूट हलत नव्हते. पान्याचा आवाजही येत नव्हता.

"काय करून राहिले खाली?" सासूबाईंनी हळूच मला विचारलं.

बाबा बाहेर आले. वर्तमानपत्राची घडी घातली, पाना पुसला.

"झालं?" माझ्या नवऱ्याने विचारलं.

"नाई."

"कावून?"

"फिरवला तर ह्यायच्यासाठी सरळ होईन. तुमच्यासाठी वाकडी होईन."

"दो मिनट का काम है, बाबा! घर जाके वापस कर लेना!"

"अन् तवरोक काय हवेत बसान तुम्ही?"

माझा नवरा तोंड फिरवून उभा राहिला. मेळ्याला यायची ज्याची इच्छा नव्हती, तोच आता सगळ्यांत जास्त चिडला होता. तो चिडला म्हणजे त्यालाही ती गाडी जिंकायला हवी होती. हे मला तेव्हाच कळलं आणि बहुधा बाबांनाही, कारण त्यांनी मुलाच्या खांद्यावर ग्रीसचा हात ठेवला आणि शर्ट खराब झाला तरी त्याने खांदा काढून घेतला नाही.

परीक्षक पुन्हा आले, थांबले, बघितलं आणि पुढे गेले. बक्षीस एका लाल गाडीला मिळालं. ती चांगलीच होती. बाबांनी जाऊन त्या मुलाशी हात मिळवला.

दुपारी आम्ही निघालो. डबा रिकामा झाला होता. ते अन्न आता आमच्या पोटात होतं, म्हणजे गाडीच्या दृष्टीने काहीच बदललं नव्हतं, असं बाबांनीच सांगितलं. आम्ही आपापल्या जागी बसलो. एक एक दार लागत गेलं तशी गाडी थोडी थोडी खाली बसली. बाहेर जाण्याचा रस्ता मंडपासमोरून होता. पांढऱ्या टोपीचे गृहस्थ तिथे चहा घेत उभे होते. आमची गाडी समोरून जाताना त्यांनी सहज बघितलं. मग कप टेबलावर ठेवला. दोन पावलं पुढे आले आणि गुडघ्यांवर हात टेकून वाकले, अगदी दाराखालच्या रेघेच्या पातळीवर डोळे येतील इतके.

बाबांचं लक्ष गेटजवळच्या ब्रेकरवर होतं. मी मागच्या काचेतून बघत होते.

"बाबा, ते टोपीवाले वाकून बघताहेत."

"काय म्हनून राहिला?"

"काहीच नाही. नुसते बघताहेत."

बाबांनी ब्रेकर नेहमीसारखा तिरका घेतला, तळ न घासता. गाडी रस्त्याला लागली. अर्ध्या वाटेवर, कुम्हारीच्या आसपास, त्यांनी विचारलं, "किती वेळ पाह्यत होता?"

"आपण वळेपर्यंत."

ते हसले. भिलाई येईपर्यंत तसेच होते. मला नंतर जाणवलं की ती गाडी पूर्ण सरळ कशी दिसते हे आमच्यापैकी कुणीच कधी बघितलेलं नाही, त्यांनीही नाही. ती बघायची तर आमच्यातलं कुणीतरी बाहेर उभं राहायला हवं होतं आणि मग ती सरळ राहिली नसती.

बाबा गेले तेव्हा कका दिवसभर आमच्या गेटशी बसून होते. गाडीवर कापड घातलेलं होतं. तेरवी झाली, पाहुणे गेले, आणि एका रविवारी माझ्या नवऱ्याने ते कापड काढलं. सासूबाईंना बाजारात जायचं होतं. तो चालवायला बसला, सासूबाई त्याच्या शेजारी, मी मागे माझ्या जागी. बाबांपेक्षा तो हलका आणि आता त्याची मागची जागा रिकामी. गाडी डावीकडे कलली. खिडकीतून रस्ता जरा तिरका दिसत होता.

"असू दे," तो म्हणाला. "अशीच राहू दे. ते नाहीत हे कळू दे."

मला ते पटलं. मी पुस्तकं वाचणारी बाई, मला असल्या गोष्टी पटकन पटतात. सासूबाईंना पटलं नाही.

"त्यायनं गाडी कोनासाठी बनवली होती?" त्यांनी मुलाला विचारलं.

"आपल्यासाठी."

"बसनाऱ्यासाठी बनवली होती. बसनारे आता तीन हायेत. वाकडी गाडी घेऊन मी बाजारात नाई येत. लोकं म्हनतीन, मानूस गेला अन् ह्यायले एक गाडी सरळ ठेवता नाई आली."

आणि त्या खरंच उतरल्या.

पाटेवाल्याने बाबांची आठवण काढली, पाटे पुन्हा वेगवेगळे वाकवून दिले आणि या वेळी भरलेली गाडी कोण बघतं असं विचारलं नाही. पुढचं काम माझ्या नवऱ्याने केलं. गणित त्याच्या हातातलं होतं, पाना नव्हता. हाताची साल गेली. दोनदा जास्त झालं, एकदा कमी. मी पायरीवर बसले होते, पण वाचलं काही नाही. कका खुर्ची घेऊन आले, पण चेष्टा त्यांनी केली नाही. शेवटी आम्ही तिघं गाडीत बसलो, तेव्हा रस्त्यापलीकडून एक डोळा मिटून बघून ते म्हणाले, "सोझ हे, बेटा." सरळ आहे.

सासूबाई पातळ बदलून आल्या आणि आम्ही निघालो. नेहरू नगरच्या चौकात सिग्नल लागला. शेजारी मोटरसायकलवर एक तरुण थांबला. तो गाडीकडे बघत राहिला, पुढून, मग मागून, मग खाली वाकून. हेल्मेटची काच वर केली.

"भैया, क्या बैठी है गाड़ी! कहाँ बनवाई? कौन सा गैरेज?"

मला 'बाबांचा हट्ट आहे' हे जुनं उत्तर आता येईल असं वाटलं. माझ्या नवऱ्याने खिडकीची काच पूर्ण खाली केली आणि बाबांचं पूर्ण नाव सांगितलं. नाव, वडिलांचं नाव, आडनाव. कोणत्या मिलमध्ये होते ते सांगितलं. रंग कशावरून घेतला ते सांगायला लागला.

दिवा हिरवा झाला होता. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्याने घाईने गिअर टाकला, तसा सासूबाईंनी त्याच्या हातावर हात ठेवला.

"वाजवू दे त्यायले," त्या म्हणाल्या. "तू सांग."